वधस्तंभ, क्रूस आणि वेठ : ख्रिस्ताच्या मरणाचा मराठीतील अर्थ



मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचताना एक घटना आपल्याला पुन्हा पुन्हा भेटते, ती म्हणजे येशू ख्रिस्ताचे क्रुसावरील मरण. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण', रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची अभंगरचना, पंडिता रमाबाईंचे बायबल-भाषांतर हे सर्व लेखन या एका घटनेभोवती फिरते. ती घटना ख्रिस्ती माणसाला का महत्त्वाची वाटते, हे न कळता या ग्रंथांचा अभ्यास केला, तर शब्द वाचले जातील आणि आशय हातून निसटेल. म्हणून या लेखात आपण त्या घटनेचा अर्थ समजून घेणार आहोत. मराठीने तिच्यासाठी जे शब्द निवडले, त्यांच्या वाटेनेच आपण जाऊ. आपण श्रद्धेने ख्रिस्ती असाल किंवा नसाल. साहित्याचा अभ्यासक म्हणून ही वाट आपल्याला खुली आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण पिंपरी-चिंचवड किंवा चाकण परिसरातील कारखान्यांत पाळीचे काम सांभाळून हा अभ्यास करीत असतील. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि त्यानंतरच्या दशकांत राज्याच्या व देशाच्या सर्व भागांतून कामगार येथे येत गेले. त्यांत नगर आणि मराठवाड्याकडील मराठी ख्रिस्ती कुटुंबे होती, तशी केरळ, तमिळनाडू आणि गोव्याकडीलही होती. आपल्या शेजारच्या यंत्रावर काम करणारा सहकारी गुड फ्रायडेच्या दिवशी रजा मागतो, किंवा रजा न मिळाल्यास दुपारची पाळी बदलून घेतो, हे आपण पाहिले असेल. त्या दिवशी बारा ते तीन या वेळेत अनेक मंडळ्यांमध्ये प्रदीर्घ उपासना होते. ख्रिस्ताने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचने होतात. कॅथलिक चर्चमध्ये 'क्रुसाची वाट' ही चौदा स्थानांची भक्ती होते आणि या दिवशी मिस्सा होत नाही. मराठीत या दिवसाला 'उत्तम शुक्रवार' म्हणतात. त्या नावातील 'उत्तम' या शब्दामुळे काही मित्र सद्भावनेने अभिनंदनाचा संदेश पाठवतात आणि ख्रिस्ती सहकारी संकोचून आभार मानतो. शोकाच्या दिवसाला उत्तम का म्हणावे, ही त्या संदेश पाठवणाऱ्याची अडचण मुळात खोटी नाही. तीच आपल्या अभ्यासाचा आरंभबिंदू आहे.

लाजिरवाणी शिक्षा

प्रथम घटना पाहू. पंतय पिलात हा रोमन अधिकारी इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा कारभार पाहत होता. त्याच्या हुकमाने यरुशलेमजवळ येशूला क्रुसावर खिळण्यात आले. ही शिक्षा मुख्यतः गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी होती. रोमन नागरिकाला ती सहसा दिली जात नसे. इ.स.पूर्व 71 मध्ये स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचे बंड मोडल्यावर सुमारे 6000 बंदिवानांना रोमकडे जाणाऱ्या राजमार्गावर ओळीने क्रुसांवर चढवले होते. वेदना देणे हा या शिक्षेचा एक हेतू होता. दुसरा, कदाचित अधिक महत्त्वाचा, म्हणजे माणसाला सर्वांदेखत कवडीमोल करून दाखवणे. आज सोन्याच्या साखळीत शोभणारे हे चिन्ह त्या काळी कोणी गळ्यात घातले नसते. रोममध्ये एका भिंतीवर कोरलेले एक जुने थट्टाचित्र सापडले आहे. त्यात गाढवाचे डोके असलेला मनुष्य क्रुसावर दाखवून, एक ख्रिस्ती माणूस आपल्या या देवाची पूजा करीत आहे, असे त्याखाली खरडले आहे. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना मान्यच केले की, क्रुसावर मेलेला तारणारा ही कल्पना यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटते. सांगण्याचा मुद्दा असा की, या मरणात काही उदात्त आहे असे पाहणाऱ्या बहुतेकांना त्या दिवशी वाटलेले नव्हते. अर्थ नंतर उलगडला. आणि तो पुनरुत्थानाच्या श्रद्धेच्या उजेडात उलगडला.

या परिसरातील प्रार्थनामंदिरे पाहिलीत तर दोन प्रकारचे क्रूस दिसतील. कॅथलिक मंदिरांत वेदीपाशी ख्रिस्ताच्या देहासह क्रूस असतो. बहुतेक प्रॉटेस्टंट मंदिरांत तो रिकामा असतो. एकात दुःखभोगाची आठवण पुढे आहे, दुसऱ्यात मरणावरील विजयाची. श्रद्धा दोघांची दोन्हींवर आहे.

दोन शब्द, दोन वाटा

हाच भेद मराठीत शब्दांचाही आहे. प्रॉटेस्टंट परंपरेतील मराठी बायबलात 'वधस्तंभ' हा शब्द रूढ झाला, तर कॅथलिकांमध्ये 'क्रूस' अधिक बोलला जातो. 'क्रूस' या शब्दाचे नाते पोर्तुगीज 'क्रुझ'शी आहे. पाद्री आणि पाव हे शब्द ज्या वाटेने आले, त्याच वाटेने तोही आला. कोकणीत त्याचे 'खुरीस' झाले. 'वधस्तंभ' हा मात्र संस्कृत घटकांतून घडवलेला समास. स्तंभ म्हणजे उभा खांब. त्याला आडवी तुळई नसते. पाहता पाहता हा शब्द अपुरा वाटेल. पण नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचाही पहिला अर्थ उभा रोवलेला खांब असाच आहे. शिवाय आपल्याकडे कीर्तिस्तंभ आहेत, जयस्तंभ आहेत. त्यांच्या पंक्तीत 'वधस्तंभ' हा शब्द बसवला की पराभवाचे स्मारक उभारल्याचा विलक्षण ध्वनी उमटतो. भाषांतरकारांनी हा परिणाम ठरवून साधला असेल असे नाही. शब्दाने तो साधला आहे.

'क्रूस' या शब्दासोबत मात्र इतिहासाचे एक ओझे आले, आणि ते झाकून ठेवणे अभ्यासकाला शोभणार नाही. गोव्यातील साष्टी प्रदेशात 1567 मध्ये पोर्तुगीज सत्तेने मोठ्या प्रमाणावर देवळे पाडली. त्याच साष्टीत, सुमारे अर्ध्या शतकानंतर, 1616 मध्ये राचोल येथे स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे हिरावली गेली होती. त्यांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ओवीत काहीतरी हवे होते. स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरला आणि ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा मराठी श्रोत्याच्या कानाला ओळखीच्या लयीत आणली. ही एकाच वेळी करुणेची आणि सत्तेच्या छायेतील कृती आहे. ज्या क्रुसावर एका साम्राज्याने एका प्रजाजनाला मारले, तो क्रूस साष्टीत दुसऱ्या साम्राज्याच्या निशाणाजवळ उभा होता, हा विरोधाभास वाचकाने मनात जागा ठेवूनच हे काव्य वाचावे. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेविरुद्धच फर्मान काढले, तरी हे पुराण लोकांनी हाताने उतरवून जपले. पहिल्या तीन मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ग्रंथ वाचवला.

पंडिता रमाबाईंची एक गोष्ट येथे जोडून ठेवावी. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांच्या वाट्याला आलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती आपल्याला किंवा आपल्या देशभगिनींना कळणार नाहीत, मग आपल्या जुन्या संस्कृतात काय उणे आहे, असा त्यांचा आक्षेप होता. शुभवर्तमानकार योहान सांगतो की, येशूच्या डोक्यावरील पाटी तीन भाषांत लिहिलेली होती आणि त्यांतील एक लॅटिन होती. ती राज्यकर्त्याची भाषा होती. रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला, पण त्याच्यासोबत आलेली राज्यकर्त्यांची पाटी स्वीकारली नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्यातीलच केडगाव येथे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

खंडणी कोणाला दिली?

आता आशयाकडे वळू. ख्रिस्ताच्या मरणाने माणसाचे काय झाले, हे सांगताना मराठी बायबलात 'खंडणी' हा शब्द येतो. आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्यास आपण आलो आहोत, असे येशू शिष्यांना सांगतो. जुन्या मराठीत मांडलिकाने द्यायचा कर किंवा सुटकेसाठी मोजायची रक्कम असा या शब्दाचा अर्थ होता. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या वाचकाला मात्र आज 'खंडणी' म्हटले की उद्योजकाला आलेला धमकीचा फोन आठवतो आणि पोलिसांचे खंडणीविरोधी पथक आठवते. मग त्याच्या मनात स्वाभाविक प्रश्न येतो: ही खंडणी मागितली कोणी? देवाने? मग देव आणि गुंड यांत फरक काय?

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ख्रिस्ती विचारवंतांनी तो फार पूर्वी विचारला आहे. तिसऱ्या शतकातील ओरिजेन या पंडिताचे म्हणणे होते की, माणूस सैतानाच्या ताब्यात होता, म्हणून मोल त्याला दिले गेले. चौथ्या शतकातील नाझियांझचा ग्रेगरी या धर्माचार्याला हे सहन झाले नाही. लुटारूला देवाने स्वतःचे मोल द्यावे, ही कल्पनाच त्याला लाजिरवाणी वाटली. आणि पित्याने पुत्राचे रक्त मागितले असेल, हेही त्याला पटेना. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म यांनी कर्ज आणि मान यांच्या भाषेत उत्तर दिले: माणसाच्या पापाने देवाच्या मानाला धक्का लागला आणि ती भरपाई देवमनुष्यच करू शकत होता. काही वर्षांनी अबेलार्ड यांनी म्हटले की, क्रूस देवाचे मन बदलण्यासाठी नाही, माणसाचे मन बदलण्यासाठी आहे. इतके प्रेम पाहून माणूस वळतो. चर्चने यांतील कोणतेही एक उत्तर अंतिम ठरवून इतरांना पूर्णविराम दिलेला नाही. या लेखकाच्या मते त्यातच शहाणपण आहे, कारण खंडणी हे रूपक आहे. सुटका महाग पडली, एवढे ते सांगते. पावती कोणाच्या नावाची, हे सांगत नाही.

'तारण' हा शब्द याहून मराठमोळा. बँकेच्या व्यवहारात आपण घर तारण ठेवतो. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे मुक्ती आणि तारणारा म्हणजे ख्रिस्त. एका अर्थाने तो कर्जदाराच्या वतीने स्वतःलाच तारण ठेवणारा आहे. कामगार पतपेढीत सहकाऱ्यासाठी जामीन राहिलेल्या आणि मग स्वतःच्या पगारातून हप्ते भरलेल्या वाचकाला हे रूपक कोणत्याही भाष्यकाराहून लवकर कळेल.

तिसरा शब्द 'प्रायश्चित्त'. तो उच्चारताना मराठी मनापुढे आळंदी उभी राहते. परंपरागत चरित्रानुसार, संन्यासातून गृहस्थाश्रमात परतल्याबद्दल विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले आणि मुलांना समाजाने सामावून घ्यावे म्हणून त्यांनी व रुक्मिणीबाईंनी देह अर्पण केला. तरीही मुलांची परवड थांबली नाही. ही कथा आणि क्रुसाची कथा एक नव्हेत. तेथे शास्त्राने ज्यांना दोषी ठरवले, त्यांनी दंड भोगला. येथे निर्दोषाने इतरांचे भोगले, अशी श्रद्धा आहे. परंतु धर्माच्या नावाने निवाडा देणारे लोक किती निष्ठुर होऊ शकतात, हे दोन्ही कथा सांगतात. देहू आणि आळंदी यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला हे दुरून आणावे लागत नाही. टिळकांनीही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे उद्गार काढले आहेत. त्यांचे 'ख्रिस्तायन' 1919 मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.

वेशीबाहेर

हिब्रूंस पत्रात एक लहानसा तपशील आहे: येशूने नगराच्या वेशीबाहेर मरण सोसले.  मराठीत मात्र 'वेशीबाहेर' या शब्दाला इतिहास आहे. 1831 मध्ये नगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, त्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबे बहुसंख्य होती. ती गावकुसाबाहेरच राहत होती. ज्या देवाला गावाने बाहेर काढून मारले, तो आपल्याच वस्तीत येऊन मेला, असा अर्थ त्यांना ऐकू आला असेल, तर तो कोणत्याही ग्रंथालयातील अर्थापेक्षा मूळ घटनेच्या अधिक जवळचा आहे. धर्मांतराने जातीचा जाच संपला नाही, मंडळीच्या आतही तो शिरला, हे खरे आहे. त्यामुळे त्या अर्थाची धार बोथट होत नाही; ती मंडळीवरच रोखली जाते.

उचलणे आणि वेठ

आता सर्वांत अवघड भाग. जो माझ्यामागे येऊ पाहतो त्याने आपला वधस्तंभ उचलावा, असे येशू म्हणतो. आणि लूकच्या शुभवर्तमानात त्यात 'दररोज' हा शब्द आहे. दैनंदिन ख्रिस्ती जीवनाचा सारा आधार या वाक्यावर आहे आणि सर्वांत मोठा गैरवापरही याच वाक्याचा होतो. मराठीत दुःखासाठी भोग, प्राक्तन, नशीब हे शब्द तयार असतात. ख्रिस्ती घरांतही नकळत वधस्तंभाचे भाषांतर 'भोग' असे होते. नवरा मारतो, हा तुझा वधस्तंभ आहे, सोस. सासर छळते, सोस.

कारखान्यातले उदाहरण घेऊ. समजा, पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या एका कंत्राटी कामगाराची बोटे गेली. उत्पादन वाढावे म्हणून यंत्राचा सुरक्षा-अडसर काढून ठेवलेला होता. त्याला भेटायला आलेला कोणी भाविक म्हणतो, देवाने हा वधस्तंभ दिला आहे, तो आनंदाने वाहा. हे सांत्वन ख्रिस्ती आहे काय?

शुभवर्तमान वाचून पाहिले तर नाही, असे उत्तर द्यावे लागते. चौकशीच्या वेळी शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशू गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, नसेन तर मारतोस का, असे त्याने विचारले. अटकेच्या रात्री बागेत त्याने हा प्याला टळावा अशी प्रार्थना केली. क्रुसावरून तो ओरडला तेव्हा त्याने स्तोत्रसंहितेतील बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ, म्हणजे देवाने आपल्याला का सोडले हा प्रश्न, उच्चारला. ज्याच्या मरणाने दुःख पवित्र झाले असे म्हणतात, त्याला स्वतःला दुःख हवे नव्हते. त्याने आयुष्यभर आजाऱ्यांना बरे केले. आजार हा तुझा वधस्तंभ आहे, असे तो कोणालाही म्हणाल्याचे आढळत नाही.

मग वधस्तंभ उचलणे म्हणजे काय? येथे मराठी बायबलातील आणखी एक शब्द आपल्या मदतीला येतो. येशू थकल्यावर शिपायांनी शेतातून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला पकडून क्रूस वाहायला लावला. मराठीत त्यासाठी 'वेठीस धरले' असा प्रयोग आहे. वेठ म्हणजे सत्तेने लादलेले, बिनमोबदला काम; मराठी माणसाला तो शब्द फोड करून सांगावा लागत नाही. तोच लाकडाचा भार एकाच्या बाबतीत वेठ आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत वधस्तंभ. फरक वजनात नाही. तो स्वीकारात आणि हेतूत आहे. बोटे गमावणे ही त्या कामगारावर आलेली वेठ आहे. पण पुढच्या पाळीतील माणसाची बोटे वाचावीत म्हणून तो अपघाताची नोंद करण्याचा आग्रह धरतो, साक्ष देतो आणि त्यापायी कंत्राट जाण्याचा धोका पत्करतो, तेव्हा त्याने काही उचलले. रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुलींना आणि विधवांना शोधून आपल्या आश्रयाला आणले. ते ओझे त्यांच्यावर कोणी लादलेले नव्हते.

क्षमेचेही असेच आहे. आपल्या मारेकऱ्यांसाठी येशूने क्षमा मागितली, म्हणून ख्रिस्ती माणसाने तक्रारच करू नये, असे समजले जाते. जानेवारी 1999 मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी काही वर्षे तेथेच राहिल्या. खटला मात्र चालला, शिक्षा झाली. आपली क्षमा आणि कायद्याचे काम या वेगळ्या गोष्टी आहेत, ही त्यांची भूमिका होती. क्षमा म्हणजे सूड सोडणे. सत्य सोडणे नव्हे.

या विवेचनानंतर 'उत्तम शुक्रवार' या नावाकडे पुन्हा पाहा. त्या दिवशी जे घडले ते उत्तम होते, असे ख्रिस्ती माणूस म्हणत नाही. निवाडा खोटा होता, जमाव भ्याड होता, मित्र पळाले होते. अशा दिवशीही देव माणसाला सोडून गेला नाही, इतक्याच अर्थाने तो दिवस उत्तम.

सराव

'क्रिस्तपुराणा'तील दुःखभोगाचा कोणताही एक प्रसंग आणि मराठी बायबलातील तोच प्रसंग शेजारी ठेवून वाचा. स्टीफन्स यांनी कोठे अधिक वेळ घेतला आहे, ते टिपा. ओवीची लय शोकाला साहाय्य करते की त्याला थोपवते, याविषयी आपले मत दहा-बारा ओळींत लिहा. त्याबरोबरच आपल्या वस्तीतील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या ख्रिस्ती परिचिताला विचारा की, घरी बोलताना ते 'क्रूस' म्हणतात, 'वधस्तंभ' म्हणतात की त्यांच्या आजीचा आणखी वेगळा शब्द होता. मिळालेले शब्द गावाच्या नावासह वहीत नोंदवून संपर्कसत्राला आणा.